पुरे

डिश सहा होत्या. पाचांत प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या पेशी, सहावीत तिथे काम करणाऱ्या लेकीने आणलेल्या, तिच्याच आईच्या कर्करोगाच्या गाठीतल्या. पेशींच्या प्रत्येक थरावर तिने अर्ध्या मिलिमीटरचा ओरखडा काढला होता. पेशी तो किती वेगाने बुजवतात, ते मोजायचं होतं.

दुपारी जेवताना तिने आईला सांगितलं होतं, "परकं काही शिरलेलं नाही गं तुझ्यात. जखम भरणारंच जनुक आहे, फक्त थांबायचं विसरलंय."

"माझ्यावरच गेलंय मेलं!" आई हसली. "तू पुरे म्हटल्याशिवाय माझा तरी हात कधी थांबलाय?" आणि तिच्या ताटात आणखी एक डाव वाढला.

म्हणून संध्याकाळी निघताना लेक सहाव्या डिशवर वाकली आणि हळूच म्हणाली, "पुरे, आई."

सकाळी पाच ओरखडे बुजले होते. सहावा जसाच्या तसा, अर्धा मिलिमीटर. तिने हर्षाने आईला फोन लावला.

"बरं झालं केलास," आई म्हणाली. "गेल्या आठवड्यात सुरीने कापलेलं बोट भरून आलं होतं ना? ते आज पुन्हा उघडलंय बघ."

फोन कानाशी तसाच धरून तिने ओरखडा पुन्हा मोजला.

शून्य पूर्णांक सहा मिलिमीटर.