जाडी

इलेक्ट्रिक गिटारवरचा तो अवघड तुकडा नवऱ्याला वाजवायचाच होता. एक स्ट्रोक खाली, एक वर, असं म्हणे न चुकता करायचं. पण दुसऱ्या तारेवर उडी मारताना स्वारी हमखास अडखळायची. दोष अर्थातच हाताचा नव्हता, हातातल्या पिकचा, म्हणजे तार छेडायच्या त्या तिकोनी चकतीचा होता! एक पिक फार जाड, दुसरा लिबलिबीत, तिसरा घामाने निसटतो. सराव सोडून बाकी सगळं करून झालं.

शेवटी वैतागून मीच प्लॅस्टिकचा एक पिक कापून त्याच्या हातात ठेवला.

"वा! हीच जाडी हवी होती मला! कशाचा कापलास गं?"



"तुझ्या जिमच्या कार्डाचा. कोरं करकरीत पडलं होतं. तेही जाडीसाठीच काढलं होतंस ना?"