चौथ्या चाकाचा आकडा

गाडी चारी बाजूंनी उचलून ठेवलेली होती आणि आत कुणीही नव्हतं. मिस्त्री एकेक चाक हातानं फिरवत होते, त्यांची लेक मीटर धरून आकडे वाचत होती. एबीएस ब्रेकचा, चाकाचा वेग मोजणारा सेन्सर ते असाच तपासत. चाक फिरलं की आकडा चढतो, थांबलं की शून्य.

तीन चाकं गुणी निघाली.

"चौथं जरा हळू फिरवा ना, बाबा! केवढा चढला आकडा."

"अगं बाई, मी अजून हातच लावला नाही."

"थट्टा पुरे. पिल्लाला शाळेतून आणायला याच गाडीनं जायचंय मला."

मिस्त्रींनी दोन्ही हात वर करून दाखवले. चाक जागच्या जागी थिजलेलं होतं, आकडा मात्र चढतच होता. त्यांनी मीटर पहिल्या चाकाला जोडून पाहिलं, तर शून्य. पुन्हा चौथ्याला लावलं. आकडा आणखी चढलेला.

मग तो एका क्षणात शून्यावर आला.

"देवा," मिस्त्री पुटपुटले, "कुणी आडवं आलं तरच माणूस असा ब्रेक मारतो."

लेकीनं खिडकीतून आत पाहिलं. ब्रेकचं पेडल तळाला टेकलं होतं, आणि आता ते सावकाश वर येत होतं.