एक्केचाळिसावी गल्ली

कोबॉल या जुन्या संगणकभाषेतल्या ओळी नऊ हजार दोनशे सहा. त्यांत गल्ल्यांची यादी एक, गल्ल्या दोनशे चौदा. टॅनिसने ओळ न् ओळ जावा या नव्या भाषेत उतरवत आणली होती. कोबॉल मोजायला एकापासून सुरुवात करतं, जावा शून्यापासून. म्हणून जिथे गल्लीचा क्रमांक आला तिथे तिने इमानाने एक वजा केला होता. अशा जागा एकशे एकोणीस. एकशे अठरा उरकल्या होत्या.

शेवटची जागा बघून तिने हातातली कॉफी खाली ठेवली.

गावातल्या कुठल्या रस्त्यावरचा बर्फ आधी काढायचा, हे नगरपालिकेचा हा प्रोग्रॅम ठरवायचा. आधी हॉस्पिटल, मग अग्निशमन दल, मग रहदारीप्रमाणे बाकीचे. आणि मध्येच ही ओळ: त्या दोघांनंतर, काहीही झालं तरी, एक्केचाळिसावी गल्ली. शेजारी टीप: 'कारण विचारू नये. डग.'

एक्केचाळिसावी म्हणजे स्प्रूस गल्ली. हा प्रोग्रॅम लिहिणारा डग रिटायर होऊन फ्लॉरिडाला गेला तेव्हा त्याचं तिथलं घर गॉर्डने घेतलं. गॉर्ड म्हणजे टॅनिसचा साहेब. पंधरा हिवाळ्यांत एकदाही उशीर न झालेला माणूस. तसं तो स्वतःच दर आठवड्याला सांगायचा.

टॅनिस त्याच्या पलीकडच्याच टॅमरॅक गल्लीत राहायची. नकाशात शेजारी, यादीतही शेजारी, बेचाळिसावी. तिच्या गल्लीत बर्फाचा ट्रक दुपारी यायचा. म्हणून सकाळी गाडी बाहेर काढायला तिलाच फावडं मारावं लागायचं. गेल्या सोमवारी गॉर्डने तिला सगळ्यांदेखत ऐकवलं होतं, "आपल्यात एका गल्लीचं अंतर, आणि तुला चाळीस मिनिटं उशीर? फावडं फोनवरून चालत नाही, हीच तुमच्या पिढीची अडचण. आता एकदा जरी उशीर झाला, तर येऊच नकोस."

ती लॅपटॉप घेऊन त्याच्या खोलीत गेली.

"गॉर्ड, ही ओळ कशासाठी आहे?"

गॉर्डने वाचली. पुन्हा वाचली. त्याचे कान लाल झाले. उठून त्याने दार लावलं.

"असेल काहीतरी तांत्रिक. राहू दे."

"काढून टाकू? रहदारीप्रमाणे तुमची गल्ली एकशे नव्वदावी लागते."

"खबरदार! जुना प्रोग्रॅम करतो तेच नव्याने करायचं, असं ठरलंय ना?"

"ठरलंय. मग त्यासाठी आकड्यातून एक व—"

"एक काय, अर्धासुद्धा नाही! जुन्यात एक्केचाळीस, नव्यातही एक्केचाळीस. थांब, लेखीच देतो."

त्याने तिथल्या तिथे ईमेल पाठवली.

"पण तपासणीत—"

"ओळ तीच, आकडा तोच, तपासायचं काय डोंबल? दहा जणांना दाखवत फिरणार आहेस का ती?"

टॅनिसचं तोंड अजून उघडंच होतं. तिने ते मिटलं. जागेवर येऊन तिने गॉर्डने सांगितलेला आकडा, एक्केचाळीस, जसाच्या तसा टाइप केला.

नवा प्रोग्रॅम डिसेंबरात सुरू झाला. पहिल्याच रात्री एकतीस सेंटीमीटर बर्फ पडला. सकाळी आठच्या आधी टॅनिस खुर्चीत होती, बूट कोरडे. गॉर्डची खुर्ची रिकामी होती.

त्या वेळी टॅमरॅक गल्लीत बर्फ: शून्य सेंटीमीटर. स्प्रूस गल्लीत: एकतीस. ट्रकने कोपऱ्यावर वळताना ढकललेला धरून, गॉर्डच्या दारात: चौऱ्याऐंशी.