दोन किलोचं घर

सत्यमनं पिशवी उलटी केली, दोन काड्या ओवल्या आणि बघता बघता अंगणात तंबू उभा राहिला.

"दोन किलो भरतो सगळा. उचलून तर बग, आये."

भिवराबाईनं एका हातानं उचलून पाहिला. कोंबडी जड भरली असती.

सत्यम पुण्यात ट्रेकिंगचं सामान भाड्यानं देणाऱ्या दुकानात होता. मालकानं टाकायला काढलेला तंबू त्यानं मागून आणला होता. उद्या मुकादमाचा ट्रॅक्टर येणार, आणि वडवणीकडचा हा संसार ऊसतोडीला निघणार.

"लोक हौसेनं पैसे देतेत यात झोपायला."

"हौसेनं?" त्याचा बाप धर्मराज हसला. "मंग आमीच कामून रडतो रं?"

भिवराबाई सकाळपासून सामान कमी करत होती. पाटा राहिला, लोखंडी पेटी राहिली. जड ते मागं. करिष्माचं तेवढं ठरत नव्हतं. सोळा वर्षांची पोर. घरी ठेवावी तर सासू उन्हाळ्यात गेलेली, आणि दसरा झाला की गल्लीत कुत्रीच उरतात. पुण्याला धाडावी तर सत्यमच्या खोलीत पाच पोरं झोपायची. फडावर न्यावी तर तिथल्या पाचटाच्या कोपीला, त्या झोपडीला दार कुठलं? ताटी लावायची, सुतळीनं बांधायची. गेल्या हंगामात एका रात्री कुणीतरी ती सुतळी बाहेरून सोडत होतं. भिवराबाई खाकरली तसं ते पळालं. पुढं हंगामभर ती ताटीला पाठ लावून झोपली, कोयता उशाला घेऊन. नवऱ्याला बोलली नाही. बोलली असती तर कोयता त्यानं उचलला असता.

धर्मापुरीचं स्थळ सांगून आलं होतं. पाहुण्यांना आजच उत्तर हवं होतं. करिष्मा लग्नाला नको म्हणत होती. अकरावीची पुस्तकं तिनं गोधडीत गुंडाळून ठेवली होती.

ती तंबूत शिरली. आतून चेन झटकन ओढली.

"आये, आतून बंद! आता कोन येतंय बगू!"

भिवराबाई उंबऱ्यावर टेकली. सकाळपासून पहिल्यांदाच तिला हसू आलं.

"अवो, धर्मापुरीला न्हाई म्हनून कळवा," ती धर्मराजला म्हणाली. "पोर आपल्यासंगं येतीय. अन् ती गोधडी सामानात घ्या. पुस्तकासकट."

सत्यमला चेव आला. "अन् ही चेन बग की आये! आतूनबी उघडती, बाहेरूनबी. आत कुनी आजारी पडलं तर अडकायला नको."

त्यानं दोन बोटांनी बाहेरून चेन ओढली. सुतळी सोडताना ताटी करकरते तरी. हिचा आवाजसुद्धा झाला नाही. आत करिष्मा पाय पसरून हसत बसली होती.

आईचा चेहरा बघून सत्यम गडबडला. "बारकं कुलूप लावू की."

"कापडाच्या घराला?"

धर्मराज फोन कानाला लावून उभा होता. भिवराबाई उठली. सामानातून गोधडी ओढली, सोडली, आणि पुस्तकं एकेक करून पाट्याशेजारी ठेवली.

"लागला का फोन?" तिनं विचारलं. "पोरगी दिली म्हनावं."