पेटीतलं बोट

ताने काकू रोज सकाळी शेजारच्या सुएनोकडे उदबत्ती लावायला यायच्या. जपानातल्या त्या गावातली सगळी पोरं लष्कराच्या एकाच डिव्हिजनमध्ये होती आणि ती अख्खी डिव्हिजन महायुद्धात ब्रह्मदेशातल्या जंगलात संपली होती. "तू नशिबाची गं, पोरी," काकू म्हणायच्या. "लष्कराने धाडलेल्या तुझ्या नवऱ्याच्या अस्थींच्या पेटीत बोटाचं हाड तरी आलं. माझ्या लेकाच्या, शिनसाकूच्या पेटीत नुसता दगड."

त्या दिवशी काकू देव्हाऱ्यापुढे हात जोडून बसल्या होत्या आणि दार सरकलं. दारात सुएनोचा नवरा, तोकुजिरो. भुताला पाय नसतात असं तिकडे मानतात, म्हणून सुएनोने आधी त्याचे पाय पाहिले. पाय होते. मग हात पाहिले. दहाही बोटं शाबूत.

"अहो," ती म्हणाली, "मग दोन वर्षं मी कुणाच्या बोटापुढे भात ठेवतेय?"

तोकुजिरो उंबऱ्यातच मटकन बसला. "आम्ही माघार घेत होतो. बरोबरच्या एकाला चालवत नव्हतं. म्हणाला, मेल्यावर माझ्यासाठी कोण थांबणार? आत्ताच काप आणि आईला नेऊन दे. मी कापलं, जाळलं आणि हाड गळ्यात बांधलं. पुढे तापानं मीच कोसळलो. मी मेलो समजून कुणीतरी ते माझंच म्हणून धाडलं असणार."

"अगं बाई गं! जित्या लेकराचं बोट!" काकूंनी बाहीने डोळे पुसले. "त्या माउलीला आजच्या आज सांगायला हवं."

तोकुजिरोची मान वर होईना.

"कुणाची रे आई, तोकु?" काकूंनी विचारलं.