कबुतरं वर आहेत तोवर

जिन्यात बुटांचे आवाज आले तसं खलाफने ढाबळीचं दार उघडलं आणि सगळी कबुतरं उडवून दिली.

बेलीफ वगीह धापा टाकत गच्चीवर आला. त्याच्या मागे हातोडे घेतलेले दोन मजूर. वगीहने वर पाहिलं. इम्बाबा मोहल्ल्यातल्या गच्च्यांवर थवा गोल फिरत होता.

"मुद्दाम उडवलीत ना, चाचा?"

"त्यांची वेळच आहे ही."

"मला नका सांगू. शुब्रात वाढलोय मी, आमचीही ढाबळ होती. एवढ्या उन्हात कोण उडवतं?"

वगीहने कागद काढला. इमारतीचा नवा मालक कोर्टात जिंकला होता आणि गच्चीवरची लाकडी ढाबळ आज पाडायची होती. खलाफने अपील केलं होतं. पण अपिलाचा निकाल लागेपर्यंत पाडू नका, असा हुकूम अजून हातात नव्हता. त्याची वकील नात रीहाम त्यासाठी सकाळपासून कोर्टात बसली होती.

"उतरवा त्यांना, पिंजऱ्यात घाला," वगीह म्हणाला. "मग मी माझं काम करतो."

"आणि नाही उतरवली तर?"

वगीहने कपाळ पुसलं. थवा वर असताना ढाबळ पाडली, तर पक्षी जवळच्या दुसऱ्या ढाबळीवर उतरतात. आणि ज्याच्या ढाबळीवर उतरलं, त्याचं कबूतर. कुठल्या कायद्यात हे लिहिलेलं नाही, पण गल्लीत सगळे पाळतात. अशा वेळी हातोडा उचलणाऱ्याला कुणी सलाम करत नाही.

"बसा रे," तो मजुरांना म्हणाला. "कबुतरं वर आहेत तोवर हात लावायचा नाही."

"साहेब, म्हातारा त्यांना उतरूच देणार नाही."

"मग जा, तू उडून धरून आण."

खलाफने लांब काठीचं निशाण उचललं. थवा खाली झुकला की तो ते हलवायचा आणि पक्षी पुन्हा वर जायचे. काठीचं लाल फडकं त्याच्या बायकोच्या, अतियातच्या जुन्या झग्याचं होतं. ती होती तोवर चहाचा ग्लास गुडघ्यावर ठेवून इथेच, कोपऱ्यातल्या खुर्चीत बसायची. कोणतं कबूतर आळशी, कोणतं लबाड, हे नवऱ्याला रोज नव्याने सांगायची. तोही रोज नव्याने ऐकायचा.

वगीहने कोपऱ्यातली खुर्ची ओढली. खलाफ वळला. वगीहने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं, खुर्ची होती तिथे ठेवली आणि पालथ्या खोक्यावर बसला.

फोन वाजला.

"आजोबा, स्थगिती मिळाली! जजसाहेबांनी सही केली. शिक्केवाला नमाजला गेलाय, तो आला की निघतेच."

वगीहने फोन मागून घेतला. "बाई, फोटो पाठवू नका. मला शिक्क्याचा कागद लागतो."

ऊन कलंडलं. खलाफचे हात भरून आले. निशाण खाली आलं. थवा तिरपा होऊन गल्लीपलीकडे वळला, बैयूमीच्या गच्चीकडे.

बैयूमी आपल्या ढाबळीपाशी उभाच होता. दोघांनी आयुष्यभर एकमेकांची कबुतरं पकडली होती. त्याने खलाफचं कबूतर धरलं की अतियात रव्याच्या गोड बसबूसाची बशी घेऊन जिना उतरायची, पलीकडचा चढायची आणि कबूतर छातीशी धरून परत यायची. तुझी कबुतरं नकोत मला, मी बशीसाठी पकडतो, असं बैयूमी गल्लीत उघड सांगायचा.

आता त्याने स्वतःचं निशाण उचललं.

"गेली तुमची कबुतरं, चाचा," वगीह उठून म्हणाला.

बैयूमीने निशाण जोरात फिरवलं. थवा दचकला आणि सरळ वर गेला.

"काय रे खलाफ, हात दुखले? बस जरा, म्हाताऱ्या. मी उडवतो!"

मग कधी या गच्चीवरून, कधी त्या गच्चीवरून निशाण हलत राहिलं. रीहाम चपला हातात घेऊन जिना चढून आली, तेव्हा सूर्य बुडायला आला होता. कबुतरांच्या चोची उघड्या पडल्या होत्या.

वगीहने कागद वाचला. शिक्क्यावरून अंगठा फिरवला.

"अपिलाचा निकाल लागेपर्यंत स्थगिती," तो मोठ्याने म्हणाला. मजुरांनी हातोडे परत खांद्यावर टाकले. "उतरवा हो आता त्या बिचाऱ्यांना."

खलाफने निशाण जमिनीवर ठेवलं. कबुतरं एकेक करून आपापल्या खणात शिरली. एकच चुकलं. पांढऱ्या मानेचं, अतियातच्या मते सगळ्यांत आळशी. ते दमून बैयूमीच्या गच्चीवर उतरलं.

बैयूमीने ते अलगद उचललं आणि सवयीने ओरडला, "नियम म्हणजे नियम! बशी आल्याशिवाय मिळायचं नाही!"

ओरडला आणि तिथेच थांबला. कबूतर छातीशी धरून खाली बघत राहिला.

जिन्याकडे निघालेला वगीहही थबकला. खलाफ रिकाम्या खुर्चीकडे पाहत होता.

"रीहाम," तो म्हणाला, "तुझी आजी बसबूसात दही घालायची की दूध?"