आईचं तोंड

गोवा सुटला त्या सालची गोष्ट. पौडच्या बाजारात माझं शिलाईचं दुकान. एकोणीस वर्साची सुंद्रा माझ्याकडनं चिंध्या न्यायची. फळीवर चिखल थापून त्यात चिंध्या, बांगडीच्या काचा, शेळीचं काळं केस बसवायची. लोक हसायचे. पन तिला आईचं तोंड करायचं हुतं. आई तिच्याच बाळंतपनात गेलेली, फोटू न्हाई. आईच्या चोळ्या मीच शिवायचो, म्हनून मला इचारायची, "रमजानकाका, अशीच हुती का?"

पयल्यांदा मी म्हनलो, "व्हय गं, हीच."

चिखल वाळला आन केस पांढरं दिसलं.

"मी काळंच लावलं हुतं," सुंद्रा म्हनली.

मोडून तिनं परत केलं. असं सात येळा झालं. दर येळी वाळता वाळता आई आनखी म्हातारी व्हायची. पोर पार थकली.

"बास कर आता," मी म्हनलो. "एवढी म्हातारी मी तिला बघितलीच न्हाई."

आठव्या येळी तिनं बोलावलं. मी फळीपुढं वाकून बघितलं.

"सुंद्रे, ही सकाळीच दुकानात आलती. चोळी शिवायला टाकून गेली."

सुंद्रानं हात पुसलं, भिंतीला टेकली.

"न्यायला कदी येनार म्हनली?"